लहानग्यांच्या हाती मोबाइल देताना : ॲप निवडण्याची एक साधी कसोटी

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेले आम्ही बरेचसे माजी विद्यार्थी आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा उपनगरांत स्थिरावलो आहोत. कुणी रेल्वेत, कुणी महानगरपालिकेत, कुणी खासगी कचेरीत नोकरी करतो. बहुतेकांचे घर म्हणजे चाळीतील एक खोली किंवा पुनर्वसन इमारतीतील सव्वादोनशे ते तीनशे चौरस फुटांची जागा. अनेक घरांत पती-पत्नी दोघेही कामावर जातात. संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचल्यावर त्याच एका खोलीत स्वयंपाक, थोरल्याचा अभ्यास, आजीची औषधे आणि धाकट्याचा हट्ट हे सारे एकाच वेळी सुरू असते. अशा वेळी धाकट्याच्या हाती मोबाइल दिला की अर्धा तास शांततेत जातो. ज्या घराला अंगण नाही आणि ज्या गल्लीत दुचाकींमुळे मूल मोकळे सोडता येत नाही, त्या घरातील आईने हा मार्ग धरला तर तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणूनच ‘मुलांना मोबाइल देऊच नका’ असा उपदेश करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. मोबाइल घरात आलेला आहे आणि तो मुलांच्या हाती जाणारच आहे. प्रश्न आहे तो त्यावरील कोणते ॲप मुलाच्या हाती द्यावे आणि कोणते देऊ नये, हा. माजी विद्यार्थी एकत्र जमले की हल्ली नोकरी आणि घराच्या हप्त्यांइतकीच या प्रश्नाचीही चर्चा होते. या लेखात त्याची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी वय, मग ॲप

ॲपचा विचार करण्यापूर्वी मुलाचे वय विचारात घेणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, एक वर्षाच्या मुलालाही तो दाखवणे योग्य नाही आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास पुरे. त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास असाच आहे. मोबाइल, टीव्ही आणि टॅब यांची बेरीज करून हा एक तास धरावयाचा आहे, ही गोष्ट पुष्कळदा पालकांच्या ध्यानात येत नाही.

दोन वर्षांखालील मुलांसाठी ही मर्यादा इतकी कडक का, हे समजून घेण्यास एक प्रयोग उपयोगी पडतो. अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत आणि पुस्तक वाचत असे. इतर बाळांना तेच सारे चित्रफितीतून दाखवले गेले किंवा नुसते ऐकवले गेले. बारा बैठकांनंतर तपासणी केली, तेव्हा प्रत्यक्ष माणसाच्या सहवासातील बाळांना चिनी भाषेतील ध्वनींचा फरक ओळखता येऊ लागला होता. पडद्यासमोरच्या बाळांना त्यातले काहीच साधले नव्हते. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तान्ह्या मुलाला भाषा येते ती माणसाच्या तोंडून, त्याच्या नजरेतून आणि मिळणाऱ्या प्रतिसादातून. म्हणून तान्ह्यांसाठी ‘शैक्षणिक’ ॲप शोधत बसण्याचे कारण नाही. अपवाद फक्त व्हिडिओ कॉलचा. गावाकडची आजी किंवा वसतिगृहातला मोठा भाऊ पडद्यावरून बोलतो, तेव्हा पलीकडे जिवंत माणूस असतो आणि तो बाळाच्या हुंकाराला उत्तर देतो.

‘मोफत’ ॲपची किंमत कोण भरतो?

दोन वर्षांवरील मुलांसाठी ॲप शोधू लागलो की हजारो नावे समोर येतात आणि त्यांतील बहुसंख्य मोफत असतात. ॲप तयार करण्यास खर्च येतो, मग ते मोफत कसे परवडते? ही रक्कम तीन मार्गांनी वसूल होते : जाहिराती दाखवून, ॲपच्या आत वस्तू किंवा सदस्यत्व विकून आणि वापरणाऱ्याची माहिती गोळा करून. तिन्ही मार्गांत उत्पन्न वाढते ते मूल अधिक वेळ पडद्यावर राहिले की. त्यामुळे अशा ॲपची सारी रचना मुलाला धरून ठेवण्यासाठी केलेली असते. एक चित्रफीत संपण्याआधीच दुसरी आपोआप सुरू होते. रोज आले की बक्षीस मिळते, एक दिवस चुकला तर ते हुकते. फुगा फोडला की नाणी उधळतात आणि पुढचा टप्पा बंद कुलूप दाखवून खुणावत राहतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाशी संबंधित बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की यांच्या गटाने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची १३५ ॲप तपासली. त्यांतील ९५ टक्के ॲपमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात आढळली. काही जाहिराती खेळाच्या मध्येच पडदा व्यापत होत्या, तर काही खेळाचाच भाग असल्यासारख्या सजवलेल्या होत्या. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतील फरक कळत नाही. आपल्या आवडत्या पात्राने ‘हे घे’ म्हटले तर तो त्याला मित्राचा शब्द वाटतो.

माहिती गोळा करण्याचा मार्ग तर डोळ्यांना दिसतही नाही. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना जमवल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत गुगल आणि यूट्यूब यांना तडजोडीपोटी १७ कोटी डॉलर भरावे लागले. आपल्या देशात २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्यांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली असून मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई केली आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु परवानगीच्या चौकटीवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबणारे बोट आपलेच असते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझ्या चार वर्षांच्या मुलीसाठी मी रंग भरण्याचे एक मोफत ॲप घेतले होते. एके सकाळी कामावर निघण्याच्या गडबडीत तिने फोन पुढे केला आणि ‘पप्पा, इथे नंबर टाका, मग मोर मिळेल’ असे सांगितले. मी न वाचता पिन टाकला. तीन दिवसांची मोफत मुदत संपल्यावर दरमहा पैसे वळते करून घेण्याची ती मंजुरी होती, हे दोन महिन्यांची रक्कम खात्यातून गेल्यावर उमगले. पैसे गेल्याचे दुःख झालेच. पण नंतर शांतपणे तिच्याजवळ बसून पाहिले तेव्हा दुसरीच गोष्ट लक्षात आली. दर चित्रानंतर जाहिरात येई आणि ती बंद करण्याची बारीक फुली पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे ती अचूक ओळखत असे. दोन महिन्यांत तिला रंगांपेक्षा फुली शोधण्याचाच सराव अधिक झाला होता.

ताराबाईंचे शंख-शिंपले

मग चांगले ॲप कोणते? याचे उत्तर शोधताना मला बोरिवलीच्या उत्तरेला, पश्चिम रेल्वेच्या मार्गानेच पुढे लागणाऱ्या डहाणू तालुक्याची आठवण होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ यांची त्यांना साथ होती. बालशिक्षणासाठी त्या काळी माँटेसरी पद्धतीची साधने वापरली जात; पण ती महाग होती आणि आदिवासी पाड्यांतील मुलांना अपरिचितही. ताराबाईंनी त्यांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने, गोटे आणले आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे, त्याचे मूळ या कामात आहे.

शिंपला मुलाला स्वतःहून काही दाखवत नाही. त्याला हाताळावे लागते, मोजावे लागते, रचावे लागते. मूल कंटाळले की शिंपला त्याला अडवत नाही. आणि खेळ संपल्यावरही ‘हा मोठा, तो छोटा’ ही समज मुलाजवळ उरते. कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शैक्षणिक ॲपविषयी लिहिताना जवळपास याच गोष्टी सांगितल्या आहेत. मुलाचे डोके कामाला लागावे, त्याचे लक्ष मध्येच विचलित होऊ नये, विषय त्याच्या आयुष्याशी जोडलेला असावा आणि दुसऱ्या माणसाशी बोलण्यास त्यात वाव असावा, अशा चार अटी त्यांनी घातल्या.

या साऱ्याचा अर्क एका कसोटीत सांगता येईल : जे ॲप मुलाला सोडून देण्यास तयार असते, ते चांगले. आपल्या वसतिगृहात खेळाची, वाचनाची, जेवणाची घंटा होत असे. घंटा झाली की चालू काम संपे आणि दुसरे सुरू होई. त्या शेवटामुळेच दिवसाला आकार येत असे. लहान मुलाला असा शेवट स्वतः करता येत नाही. म्हणून तो ॲपच्या रचनेत असावा किंवा पालकाने घालून द्यावा. गोष्ट संपली की संपली, चित्र पूर्ण झाले की झाले, असे सांगणारे ॲप मुलाच्या बाजूचे आहे. ‘अजून एक, अजून एक’ असा आग्रह धरणारे ॲप, त्यात इंग्रजी मुळाक्षरे असोत वा पाढे, जाहिरातदाराच्या बाजूचे आहे.

देण्यापूर्वी घरच्या घरी करावयाची पारख

कोणतेही ॲप मुलाला देण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात. यासाठी इंग्रजीचे किंवा संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही.

१. स्वतः पंधरा मिनिटे खेळा. मूल झोपल्यावर ॲप उघडा आणि मुलाप्रमाणे दिसेल ते दाबत जा. किती जाहिराती आल्या, पैसे मागणारी चौकट किती वेळा आली, हे मोजा. प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाखालीच जाहिराती आणि ॲपमधील खरेदी यांची नोंद असते. तीही पाहून घ्या.

२. मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून पाहा. इंटरनेटविना जे ॲप नीट चालते, त्यात जाहिराती सहसा उतरत नाहीत आणि मूल भलत्याच दुव्यावर पोहोचत नाही. डेटा बंद ठेवला तरी साधे फोन येत राहतात, त्यामुळे कामाचा फोन चुकण्याची भीती नाही. डेटा वाचतो, हा आणखी एक लाभ.

३. परवानग्या वाचा. चित्र रंगवण्याच्या ॲपला तुमच्या फोनमधील संपर्क आणि तुमचे ठिकाण कशासाठी हवे? मागणी आणि काम यांचा मेळ बसत नसेल तर ते ॲप काढून टाका.

४. शेवट कसा होतो ते पाहा. एक गोष्ट किंवा एक डाव पूर्ण झाल्यावर ॲप थांबते की पुढचे आपोआप सुरू करते? बाहेर पडताना एखादे पात्र रडू लागते का? मुलाला अपराधी वाटायला लावणारे ॲप घरात ठेवू नये.

५. फोन बाजूला ठेवल्यावर काय उरते ते पाहा. ही सर्वांत महत्त्वाची पारख होय आणि तिला दोन-तीन दिवस लागतात. मूल त्यातील गोष्ट आजीला सांगते का? त्यातला हत्ती पाटीवर काढते का? की फोन काढून घेताच फक्त आकांत होतो आणि बाकी काहीच आठवत नाही?

६. भाषा ऐका. दिवसभर परभाषेतील चित्रफिती ऐकून मुले त्याच ढंगात बोलू लागतात आणि घरच्यांच्या मराठी प्रश्नाला उत्तर देताना अडखळतात, हा अनुभव अनेक घरांत येतो. इंग्रजी पुढे शाळेत येईलच. पहिल्या पाच वर्षांत मुलाचे मन ज्या भाषेत आईशी बोलते, ती पक्की होणे गरजेचे आहे.

काही उपयुक्त पर्याय

मराठी गोष्टींसाठी ‘स्टोरीवीव्हर’ हे दालन आवर्जून पाहावे. प्रथम बुक्स या संस्थेने ते २०१५ मध्ये खुले केले. ‘प्रथम’ची चळवळ नव्वदच्या दशकात मुंबईच्या झोपडवस्त्यांतील बालवाड्यांपासून सुरू झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. या दालनात अनेक भाषांतील सचित्र पुस्तके मोफत वाचता येतात, त्यांत मराठीही आहे आणि पुस्तके वाचनाच्या पातळीनुसार लावलेली आहेत. पाने उलटावी लागतात आणि शेवटचे पान येते. आपली कसोटी येथे आपोआप पूर्ण होते. मांडीवर बसवून आईने किंवा आजोबांनी वाचून दाखवले तर उत्तम.

नुकतेच वाचू लागलेल्या मुलांच्या संदर्भात गुगलने मार्च २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ या नावाने आणलेल्या आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेल्या ॲपचा उल्लेख करावा लागेल. त्यात मूल मोठ्याने वाचते आणि फोन ऐकतो. अडले तर ‘दिया’ नावाचे पात्र मदत करते. मराठीचाही त्यात समावेश करण्यात आला. पडद्यावर हलणारे चित्र बघत बसण्यापेक्षा मुलाच्या तोंडून शब्द निघावेत, हा त्यातील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजी चालत असेल तर ‘खान अकॅडमी किड्स’ हे ॲप मोफत असूनही जाहिरातींशिवाय चालते.

चित्रफितींसाठी साध्या यूट्यूबऐवजी ‘यूट्यूब किड्स’ वापरावे. परंतु तेही जसेच्या तसे देऊ नये. त्यात शोध बंद करण्याची, वेळ संपल्यावर ॲप आपोआप थांबवण्याची आणि पालकांनी निवडलेल्याच चित्रफिती दाखवण्याची सोय आहे. रविवारी अर्धा तास काढून दहा-बारा चित्रफिती निवडून ठेवल्या की आठवडाभराची काळजी मिटते. थोरल्या भावंडांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत. १९७१ पासूनच्या या अंकांत पालकांनाही आपले बालपण सापडेल.

याखेरीज दोन उत्कृष्ट ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीपासूनच असतात : कॅमेरा आणि आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय. ‘घरातल्या पाच गोल वस्तूंचे फोटो काढून आण’ असे सांगितले की मूल पडदा हाती घेऊनही घर न्याहाळू लागते. आजीने सांगितलेली गोष्ट तिच्याच आवाजात जपून ठेवली, तर आई स्वयंपाक करीत असताना मूल ती ऐकू शकते. तिथे पडद्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. अशी एक गोष्ट ऐकत माझी मुलगी आता पोळ्या होईपर्यंत ओट्याजवळ बसते.

फोनला घालावयाची कुंपणे

अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘ॲप पिनिंग’ आणि आयफोनमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ नावाची सोय असते. ती सुरू केली की मुलाला एकाच ॲपमध्ये राहता येते. चुकून बॉसला फोन लागत नाही की कामाचे संदेश पुसले जात नाहीत. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड आवश्यक करावा आणि पालक नियंत्रण सुरू करून मुलाच्या वयाची मर्यादा घालावी. यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ हा भाग महिन्यातून एकदा उघडून पाहावा. नको असलेली मंजुरी तेथूनच रद्द करता येते. आणि पिन टाकण्यापूर्वी चौकट वाचावी, हे मी स्वानुभवाने सांगतो.

फोन काढून घेण्याचीही एक रीत आहे. अचानक हिसकावला तर मूल रडणारच. देतानाच ‘ही एक गोष्ट संपली की फोन आईकडे’ असे सांगावे. मिनिटे लहान मुलाला कळत नाहीत, गोष्टीचा शेवट कळतो. शेवट झाल्यावर हाताला लगेच दुसरे काम द्यावे : मटार सोलणे, चमचे लावणे, पाटीवर चित्र काढणे. जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या तासात मात्र कोणतेही ॲप नको. घास कसा लागतो याकडे मुलाचे लक्ष असावे आणि झोप येताना कानावर आपला आवाज पडावा.

एकट्या घराचे काम नव्हे

शेवटी एक गोष्ट समाजबांधवांसमोर ठेवावीशी वाटते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहतील. एका घराने बंद केले तर मूल शेजारी जाते. सगळ्यांनी मिळून ठरवले तर मुलाला तक्रारीस जागा उरत नाही. आपल्या उपनगरांतील चाळी आणि इमारतींमध्ये भोंगा वाजवणे शक्य होणार नाही. परंतु वस्तीतील विहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी एक तास चटई अंथरून दोन आज्यांनी गोष्टी सांगितल्या आणि एखाद्या माजी विद्यार्थ्याने फोनवरची मराठी पुस्तके वाचून दाखवली, तर वीस घरांतील स्वयंपाक मोबाइलविना उरकेल. जेथे पुस्तके विकत घेणे परवडत नाही, तेथे एकच फोन अशा रीतीने वीस मुलांचे ग्रंथालय होऊ शकतो.

ज्या पिढीला वही-पेन्सिलीसाठी झगडावे लागले, तिच्या नातवंडांच्या हाती आज सारे जग सामावणारे यंत्र आहे. ते यंत्र मुलांचे लक्ष विकत घेते की मुलांना काही देऊन जाते, हे ठरवण्याची संधी पालकांना दररोज संध्याकाळी मिळते. आज रात्री मुले झोपल्यावर आपल्या फोनमधील त्यांची ॲप एकेक करून उघडा, पंधरा मिनिटे खेळा आणि जे सोडत नाही ते काढून टाका. एवढ्या एका कृतीने सुरुवात झाली तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले, असे मी समजेन.

— एक माजी विद्यार्थी व पालक, घाटकोपर